कोठावळ्याची पाटी

शाळेच्या पोषण आहाराचे रजिस्टर ज्यांच्याकडे असते, त्या शिक्षकांना त्यातले रकाने तोंडपाठ असतात. मागील शिल्लक, आवक, एकूण, खर्च, अखेर शिल्लक. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. त्या दिवशीच्या हजेरीला त्याने गुणायचे, येईल तो आकडा खर्चात टाकायचा आणि खाली सही करायची. मी हे काम तीन वर्षे केले. बदली झाली तेव्हा चार्ज देण्यासाठी आम्ही तांदूळ मोजायला काढला. रजिस्टरप्रमाणे ४१२ किलो हवा होता. काट्यावर भरला ३८९ किलो.

तेवीस किलो तांदूळ काही कोणी चोरून नेला नव्हता. पोती यायची ती नेमकी तास चालू असताना. टेंपोवाला घाईत, शाळेत मोठा काटा नाही. पोत्यावर छापलेले ५० किलो खरे मानून मी पावतीवर सही करीत आलो होतो. शिवाय उंदीर, फाटकी पोती, मापाच्या डब्यातून रोज मूठभर जास्त पडणारा तांदूळ. चार्ज घ्यायला आलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, मी ३८९ वरच सही करीन." त्यांचे बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी मी वाण्याकडून २३ किलो तांदूळ आणून पोत्यात ओतला आणि मोकळा झालो.

हे रकाने पहिल्यांदा कोणी आखले असतील, हा प्रश्न मात्र तेव्हापासून डोक्यात राहिला. वाचत गेलो तसतसे ते मागे मागे जात राहिले आणि शेवटी दक्षिण इराकमधल्या उरुक या शहराच्या मातीत पोचले. तिथे एक वेगळीच गोष्ट समोर आली. माणसाने लिहायला सुरुवात केली ती अशाच एखाद्या कोठीत, धान्याची आवकजावक टिपण्यासाठी.

उरुकचे उत्खनन जर्मन संशोधकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतले. एआन्ना नावाच्या देवळाच्या परिसरात त्यांना मातीच्या लहान लहान पाट्या मिळू लागल्या. बहुतेक तळहातात मावणाऱ्या, ओल्या मातीवर बोरूने खुणा उमटवून वाळवलेल्या. आजवर उरुकमधून अशा सुमारे ५,००० पाट्या आणि त्यांचे तुकडे मिळाले आहेत. इ. स. पू. ३३०० ते ३००० या काळातल्या या पाट्या जगातले सर्वांत जुने लेखन म्हणून ओळखल्या जातात. इतक्या जुन्या लेखनात राजांचे पराक्रम असतील, देवांची स्तोत्रे असतील, असे कोणालाही वाटेल. त्यांत तसे काही नाही. दहापैकी आठांहून अधिक पाट्या निव्वळ हिशेबाच्या आहेत : इतके जव आले, इतक्या मेंढ्या गेल्या, इतक्या घागरी बिअर अमक्याला दिली. उरलेल्या पाट्यांवर शब्दांच्या याद्या आहेत, म्हणजे भांड्यांची नावे, माशांची नावे, हुद्द्यांची नावे. नवशिक्या कारकुनांनी गिरवायचे ते पाठ. हुद्द्यांची यादी तर पुढे हजाराहून अधिक वर्षे जवळजवळ जशीच्या तशी गिरवली जात होती. (अभ्यासक्रम लवकर बदलत नाही, ही तक्रार त्या मानाने फार नवी म्हणायची.) कथा आणि स्तोत्रे मातीवर उतरायला यानंतर सहा-सातशे वर्षे जावी लागली.

या काळातल्या काही पाट्यांचा एक संग्रह १९८८ मध्ये लंडनला लिलावात निघाला. बर्लिनमध्ये हान्स निसेन, पीटर डामेरोव्ह आणि रॉबर्ट इंग्लंड हे तिघे अशा पाट्यांचा अभ्यास करीत होते. त्यांतल्या अठरा पाट्यांवर दोन खुणांची एक जोडी पुन्हा पुन्हा येते. तिचा उच्चार 'कुशिम' असा केला जातो. कुशिम हे माणसाचे नाव की हुद्द्याचे, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. पण त्याच्याकडे काय होते ते स्पष्ट आहे. बिअर करण्यासाठी लागणारे जव, मोड आणून वाळवलेले जव आणि जवाच्या कण्या यांची कोठी त्याच्या ताब्यात होती. आपल्याकडे अशा माणसाला कोठावळा म्हणत. एका पाटीवर ३७ महिन्यांतल्या जवाचा एक मोठा आकडा आहे, २९,०८६ मापे, म्हणजे सुमारे १,३५,००० लिटर, आणि कोपऱ्यात कुशिमची खूण. ते नाव असलेच, तर आज आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक हे एका कोठावळ्याचे आहे.

पण लिहिता येत नव्हते तेव्हा कोठावळा काय करत होता? याचे उत्तर ज्यांनी शोधले त्या देनीझ श्मांट-बेसेरात मूळच्या फ्रान्सच्या, पुढे अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक. १९६९ च्या सुमारास त्या पश्चिम आशियातल्या मातीच्या सर्वांत जुन्या वस्तूंचा अभ्यास करीत होत्या. भांडी, विटा, बाहुल्या शोधताना जवळजवळ प्रत्येक संग्रहालयात त्यांना मातीचे छोटे आकार दिसू लागले. शंकू, गोळ्या, चकत्या, चौकोनी वड्या. उत्खननाच्या अहवालांत कोणी त्यांना खेळातल्या सोंगट्या म्हटले होते, कोणी ताईत, आणि कोणी सरळ 'काय ते कळत नाही' असे लिहून सोडून दिले होते. सर्वांत जुने आकार इ. स. पू. ८००० च्या आसपासचे, म्हणजे शेतीच्या आरंभकाळातले होते.

उलगड्याचा धागा आणखी एका ठिकाणी सापडला. इराकमधल्या नुझी येथे १९२८ ते १९३० च्या दरम्यान मातीचे एक पोकळ, अंड्याएवढे गोलक मिळाले होते. त्याचा काळ बराच अलीकडचा, इ. स. पू. १५०० च्या सुमाराचा. त्यावर लेख कोरलेला होता : व्यालेल्या मेंढ्या इतक्या, मेंढे इतके, शेळ्या इतक्या. आत ४८ खडे होते. १९५९ मध्ये लिओ ऑपेनहाइम यांनी दाखवून दिले की एकेक खडा म्हणजे कळपातले एकेक जनावर. लेख वाचू शकणाऱ्या कारकुनासाठी बाहेरची अक्षरे आणि वाचू न शकणाऱ्या मेंढपाळासाठी आतले खडे. त्याच उत्खननातला एक किस्सा सांगतात. छावणीतल्या गड्याला बाजारातून कोंबड्या आणायला पाठवले होते. त्या न मोजताच खुराड्यात सोडल्या गेल्या. किती आणल्या, हे गड्याला सांगता येईना, कारण त्याला मोजता येत नव्हते. पण त्याने दर कोंबडीमागे एक खडा बाजूला ठेवला होता!

इराणमधल्या सूसा येथे मिळालेले पोकळ गोळे याहून दोन हजार वर्षे जुने होते. त्यांच्या आत मातीचे ते छोटे आकार होते आणि बाहेरून मुद्रा उमटवलेल्या होत्या. हे हिशेबाचे असावेत, असे पिएर आमिए यांनी १९६६ मध्येच सुचवले होते. आता कोठीच्या दारातला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. गावाहून दहा मेंढ्या पाठवल्या आहेत. त्यांच्याबरोबर गोळा आहे, आत दहा टोकन. कोठावळ्याने गोळा फोडायचा, टोकन आणि मेंढ्या जुळवून पाहायच्या. वाटेत एखादी मेंढी विकली गेली असेल तर लगेच कळेल. म्हणजे हा मालाबरोबर येणारा चलनच झाला. अडचण एकच. आत काय आहे हे पाहायला गोळा फोडावा लागतो, आणि फोडला की पुरावा संपला. म्हणून काहींनी टोकन आत टाकण्यापूर्वी ते गोळ्याच्या ओल्या पाठीवर दाबून ठसे उमटवायला सुरुवात केली. बाहेर ठसे आहेत तर आत टोकन कशाला? मग पोकळ गोळ्याऐवजी भरीव, चपटी पाटी पुरली. श्मांट-बेसेरात यांच्या मते लेखन जन्माला आले ते असे.

वर्गात सांगायला ही गोष्ट सुरेख आहे. मात्र ती सर्वांना पटलेली नाही. बाहेरून ठसे असलेले गोळे मोजकेच मिळाले आहेत. शिवाय मेंढीची खूण म्हणजे वर्तुळात फुली, आणि तशी फुलीची चकती हे मेंढीचे टोकन मानले, तर मेंढ्यांच्या त्या मुलखात अशा चकत्या फारच कमी सापडतात. आकड्यांच्या खुणा टोकनांवरून आल्या हे बहुतेकांना मान्य आहे. वस्तूंच्या चित्रखुणाही तशाच आल्या, हे मान्य नाही. मलाही ते जरा ताणल्यासारखे वाटते. गोळे न फोडता आत पाहण्याची सोय आता झाली आहे. शिकागो येथील क्रिस्टोफर वुड्स यांनी २०१३ मध्ये इराणमधल्या चोगा मिश येथील वीसएक गोळ्यांचे सीटी स्कॅन करून आतल्या टोकनांचे आकार पाहिल्याचे जाहीर केले. मेंदूची तपासणी करणाऱ्या यंत्राखाली पाच हजार वर्षांपूर्वीची पावती!

लिहिण्याआधी कोठी कशी सांभाळत याचे सर्वांत चांगले चित्र मिळते ते तुर्कस्तानातल्या आर्स्लानतेपे येथे. इ. स. पू. ३३५० च्या सुमाराच्या तिथल्या राजवाड्यात एकही अक्षर नाही, पण मुद्रा उमटवलेले मातीचे दोन हजारांहून अधिक तुकडे मिळाले. त्यांच्या मागच्या बाजूला दोऱ्यांचे, पोत्यांचे आणि दाराच्या खुंटीचे ठसे आहेत. दार लावायचे, खुंटीला दोर गुंडाळायचा, गाठीवर ओली माती थापायची आणि आपली मुद्रा उमटवायची. दार उघडायचे तर माती फुटणारच. फुटलेले तुकडे फेकून न देता ठेवून द्यायचे, मोजायचे आणि हिशेब पटला की मगच टाकायचे. गुजरातेत लोथल येथे शि. रं. राव यांनी १९५५ ते १९६२ या काळात केलेल्या उत्खननातही एका मोठ्या गोदामात असे तुकडे मिळाले. त्यांच्या एका अंगावर सिंधू लिपीतली मुद्रा आहे आणि दुसऱ्या अंगावर चटई, कापड, दोरी यांचे ठसे. गोदामाला आग लागली म्हणून ही माती भाजून टिकली. माल जळला, पावत्या राहिल्या.

आता गणिताच्या शिक्षकांसाठी. उरुकच्या कारकुनांना 'पाच' ही नुसती संख्या ठाऊक होती का, याची शंका यावी असे त्यांचे आकडे आहेत. आकड्यांच्या खुणा दोन-चारच, पण त्यांची किंमत माल कोणता त्यावर ठरे. मेंढ्या किंवा माणसे मोजताना एक लहान गोल म्हणजे दहा शंकू. जव मोजताना तोच गोल म्हणजे सहाच शंकू. जमीन मोजताना अठरा. आपल्याला हे फार विचित्र वाटू नये. आपल्याकडेही चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी होती, कागदाच्या २४ तावांचा दस्ता आणि २० दस्त्यांचे रीम होते. दशमान मापे देशात कायद्याने आली ती १९५६ नंतर.

जवाचा गोल सहाचा, हे मात्र संशोधकांना बराच काळ उमगले नव्हते. सगळे तो दहाचा धरून चालले होते. स्वीडनचे गणिती योरान फ्रीबर्ग यांनी १९७८ च्या सुमारास ते दुरुस्त केले. पद्धत अगदी साधी. पाटीच्या पुढच्या बाजूला एकेक नोंद असते आणि मागे बेरीज. समजा पुढे एका चौकटीत तीन शंकू आणि दुसरीत पाच शंकू आहेत, आणि मागे बेरजेत एक गोल आणि दोन शंकू आहेत. गोल किती शंकूंचा? पाचवीची मुले हे सोडवतात. मी सोडवून घेतले आहे. भाषा येत नसतानाही हिशेब वाचता येतो, हे कळल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

त्यांच्या शाळांतली गणितेही कोठीचीच असत. इ. स. पू. २५०० च्या सुमाराची शुरुप्पक शहरातली दोन पाट्यांवर असलेली एक वाटणी प्रसिद्ध आहे. कोठारात ११,५२,००० सिला (एक सिला म्हणजे साधारण एक लिटर) जव आहेत, प्रत्येकाला ७ सिला द्यायचे, तर किती जणांना पुरतील? साठाच्या पटीत चालणाऱ्या पद्धतीत सात हा मुद्दाम निवडलेला त्रासदायक आकडा आहे. एका पाटीवर उत्तर आहे १,६४,५७१ माणसे आणि शिल्लक ३ सिला. अगदी बरोबर. दुसऱ्या पाटीवर १,६४,१६०. चूक! साडेचार हजार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे ४११ माणसांचे जव वाटायचे राहिले आणि ते अजून पाटीवर दिसते आहे.

आता त्या रकान्यांकडे येऊ. ते पूर्ण स्वरूपात दिसतात ते ऊर शहराच्या राजांच्या काळात, इ. स. पू. २१०० ते २००० या शतकात. या एका शतकातल्या हजारो हजार पाट्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ड्रेहेम येथे राज्यभरातून येणाऱ्या जनावरांची एक मोठी ठाणबंदी होती. तिथे एक मेंढी मेली तरी तिचीही नोंद होई आणि ती कोणाच्या हवाली केली तेही लिहिले जाई. वार्षिक हिशेबाची पाटी ठरलेल्या साच्याची असे. आधी मागील शिल्लक, मग आवक, दोन्हींची बेरीज. त्यानंतर 'त्यातून' अशा अर्थाचा शब्द, आणि खाली एकेक खर्च. खर्चाला 'झिगा' म्हणत. शेवटी आकडे जुळले नाहीत तर दोन शब्द होते : जादा भरले तर 'दिरी', कमी भरले तर 'लाइ', म्हणजे तूट.

तूट माफ होत नसे. ती पुढच्या वर्षीच्या पाटीवर पहिल्या ओळीत येऊन बसे. उम्मा शहरातल्या दळणाऱ्या बायकांच्या मुकादमांचे असे हिशेब रॉबर्ट इंग्लंड यांनी १९९१ मध्ये उलगडून दाखवले. मुकादमाच्या नावावर आधी श्रमाचे दिवस मांडले जात. इतक्या बायका, महिना ३० दिवसांचा धरून इतके दिवस. मग त्याने दाखवायचे की ते दिवस कशात गेले. इतके पीठ दळले, त्याचे इतके दिवस. कालव्यावर माती उपसली, त्याचे इतके. सुटीचे म्हणून बायकांना महिन्यातून पाचेक दिवस धरलेले. दिवसाला किती दळले पाहिजे हे वरून ठरलेले होते आणि ते मान असे असावे की मुकादम सहसा मागेच पडे. एकामागून एक पाट्यांवर 'लाइ' दिसते. एका वर्षाची तूट दुसऱ्या वर्षी, दुसऱ्याची तिसऱ्या वर्षी. मुकादम मेला की मग वसुली होई. घरातले सामानसुमान जप्त होई आणि घरची माणसेही सरकारी मजुरांत जमा होऊ शकत. दळणाऱ्या बायकांच्या रांगेत त्याचीच बायकामुले येऊन बसत, असा याचा अर्थ. हे वाचले तेव्हा मला माझे २३ किलो आठवले. ते वाण्याकडे मिळत होते.

अशा हिशेबातून गणितात काय आले तेही सांगायला हवे. श्रमाचे पिठात, पिठाचे जवात, जवाचे चांदीत रूपांतर करता करता या कारकुनांनी कच्च्या आकडेमोडीसाठी साठाच्या पायावरची एक पद्धत घडवली. तीत आकड्याची किंमत त्याच्या जागेवरून ठरे. तासाची ६० मिनिटे तिच्याच वंशातली.

आलेला माल पारखून घेणे हाही याच कामाचा भाग. इ. स. पू. १७५० च्या सुमारास ऊर येथे एआ-नासिर नावाचा व्यापारी दिल्मुनहून, म्हणजे बहुधा आजच्या बाहरेनहून, तांबे आणून विकत असे. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला लिहिलेली तक्रारीची पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कबूल केले एक आणि दिले दुसरे, माझ्या माणसांचा अपमान केला, यापुढे माझ्या अंगणात मी स्वतः निवडून घेईन तेवढेच तांबे घेईन, असा तिचा मजकूर आहे. पोत्यावरच्या छापील ५० किलोंवर विश्वास ठेवणारा माणूस तो नव्हता.

लिहिणे आल्यावर टोकन संपले असतील, असे बरीच वर्षे मानले जात होते. आग्नेय तुर्कस्तानात तैग्रिस नदीकाठी झियारेत तेपे नावाचे टेकाड आहे. तिथे असीरियन साम्राज्याचे तुशान हे प्रांतिक शहर होते. तिथल्या सरकारी इमारतीच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत मातीचे तीनशेच्या वर टोकन मिळाले. जॉन मॅकगिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या खोल्या माल उतरवून घेण्याच्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे आहे. काळ इ. स. पू. ९०० ते ६००, म्हणजे उरुकच्या पाट्यांनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी! त्याच इमारतीत लिहिलेल्या पाट्याही होत्या. तर्क असा आहे की दारात माल घेऊन आलेल्या, अक्षर न जाणणाऱ्या शेतकऱ्यासमोर टोकन मांडून दाखवायचे, गठ्ठे हलतील तसे तेही हलवायचे, आणि सगळे जुळल्यावर आतल्या कारकुनाने पक्की नोंद पाटीवर करायची. आपण फळ्यावर कच्चे मांडून मग वहीत पक्के लिहितो, तसेच हे.

याच तुशानमध्ये एक शेवटचे पत्र मिळाले आहे. इ. स. पू. ६१२ मध्ये राजधानी निनेवे पडली, त्याच्या आसपासचे. मन्नू-की-लिब्बाली नावाच्या अधिकाऱ्याला वरून हुकूम आला होता की रथांची तुकडी जमव. त्याने उत्तरात कोण कोण उरले नाही याची यादी दिली आहे. घोड्यांचा उल्लेख करून तो लगेच म्हणतो की असीरियन लिहिणारे कारकून नाहीत, अरामी लिहिणारे नाहीत. मग तुकड्यांचे नायक, तांबट, लोहार, सुतार, धनुष्ये करणारे, बाण करणारे, विणकर, शिंपी. यांतला एकही जागेवर नाही, मी हुकूम देऊ तरी कोणाला, असे त्याने विचारले आहे. यातून मरणच येईल आणि कोणी वाचणार नाही, हे त्याने पुढे लिहिले. पत्र तुशानमध्येच सापडले, तेव्हा ते कदाचित रवानाच झाले नसावे.